साफ केलेला आवाज

हृषीनं मला कपाटात बसवलं. म्हणजे खरोखरच्या कपाटात. डोक्यावर त्याच्या बायकोचे ड्रेस लटकलेले, पायाशी चपलांचे खोके, आणि मधे मी, मांडीवर माइक घेऊन. दारावर आतून गोधडी टांगलेली.

"कपड्यांनी आवाज घुमत नाही," तो म्हणाला. "स्टुडिओवाले भिंतीला जे काय चिकटवतात ना, त्याचा बाप आहे ही गोधडी."

"आणि त... त... तू कुठं?"

"मी पलंगावर, पंख्याखाली. मला हेडफोनमधून सगळं ऐकू येतंय. कर सुरू."

हृषी म्हणजे हृषीकेश लिमये, कॉलेजपासूनचा माझा मित्र. दोघंही पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. त्यानं हौसेनं एक पॉडकास्ट काढला होता, 'बिल्ड फुटला' नावाचा, म्हणजे आमच्या भाषेत प्रोग्रॅम जुळवतानाच मोडला. मराठीतून, आणि तोही फक्त आमच्यासारख्या प्रोग्रॅमर लोकांसाठी. आमच्या धंद्यात नवीन काही शिकायचं तर सगळं इंग्रजीत. ऐकून कान किटतात, आणि न समजता मान डोलवायची सवय लागते ती वेगळीच. हृषीचं म्हणणं, टपरीवर चहा पिताना आपण एकमेकांना जसं समजावतो तसंच रेकॉर्ड करायचं. दर भागात एकानं यायचं आणि आपल्याकडं काय मोडलं, का मोडलं, कसं दुरुस्त केलं ते सांगायचं. हिंजवडीच्या बसमध्ये जाता-येता पोरं ऐकायची ते.

माझ्याकडं सांगण्यासारखं होतं. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं एक अ‍ॅप आम्ही सांभाळायचो. त्यात मधूनच एकाच डॉक्टरची एकच वेळ दोन पेशंटना मिळायची. रोज नाही, कधीतरीच. शोधायला बसलं की नेमकं सगळं शहाण्यासारखं चालायचं. सगळ्यांनी हात टेकले होते आणि ते मी शोधलं होतं. अडचण होती ती सांगण्याची.

मी बोलताना अडतो. शब्द तयार असतो, अर्थ तयार असतो आणि जीभ संपावर. क, प आणि त ही माझी वैरी मंडळी. माझं नाव संग्राम डुबल, पण आडनावाशीही माझं पटत नाही, हॉटेलात नंबर लावताना मी बेधडक 'लिमये' सांगतो. ऑफिसात रोज सकाळी गोल उभं राहून काल काय केलं ते एकेकानं सांगायची पद्धत होती. 'काल पूर्ण केलं' यातला एकही शब्द मला परवडायचा नाही. मग मी 'चालू आहे' म्हणायचो. झालेल्या कामालाही चालू आहे. आमच्या मॅनेजरचं मत होतं की पोरगा हुशार आहे पण जरा मंद आहे.

"अरे, अडलास तर अड," हृषी पलंगावरून ओरडला. "मी नंतर साफ करतो सगळं."

कपाटात घामाच्या धारा लागल्या. अख्खी दुपार गेली. मधे वहिनी ओढणी मागायला आल्या, मी ती दाराच्या फटीतून दिली आणि पुन्हा 'क... क... कॉम्प्युटर'वर येऊन बसलो. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा हृषीनं पाठ थोपटली. "झकास झालं," म्हणाला. मला वाटलं, मित्र आहे, म्हणणारच.

भाग आला तो मी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ऐकला. आणि आई शप्पथ सांगतो, अंगावर काटा आला. आवाज माझाच. पण तो कुठं अडतच नव्हता! 'दोघं जण एकाच क्षणी विचारतात, जागा आहे का? कॉम्प्युटर दोघांनाही आहे म्हणतो, कारण तेव्हा ती खरंच असते.' असं गडी सरळ बोलत चाललेला, मधेच हसतोय काय, विनोद करतोय काय. हृषीनं एक एक 'क' वेचून काढला होता, भातातले खडे वेचावेत तसा. जिथं मी दम घेऊन गप्प बसलो होतो ती जागाही कापून जोडून टाकली होती. माझ्याच आवाजात दुसरंच कोणीतरी बोलत होतं आणि खोटं कशाला बोलू, ते मला फार आवडलं. उतरायचा थांबा गेला तरी मी ऐकत बसलो होतो.

चुलतभावानं तो भाग आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो अण्णांकडं गेला.

अण्णा म्हणजे माझे वडील, वसंतराव डुबल. कराडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्यांची घोषणा करायचं काम त्यांचं. 'कराड-चिपळूण ही गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे' हे त्यांच्या तोंडून ऐकायचं म्हणजे कीर्तनाला बसल्यासारखं वाटायचं. भरदार आवाज, एक अक्षर सांडायचं नाही. तालुक्यातल्या बायाबापड्या चेहऱ्यानं नाही, आवाजानं त्यांना ओळखायच्या. आणि अशा माणसाच्या पोटी मी. देवाला पण काय एकेक सुचतं!

अण्णांचा फोन आला. ते कधी मला फोन करत नसत, आईच करायची आणि शेवटी 'अण्णा विचारतायत' असं म्हणायची.

"संग्राम," ते म्हणाले. पुढं काही नाहीच. मला वाटलं, लाइन तुटली. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"अ... अण्णा?"

"ऐकलं बाबा. सगळं ऐकलं. तुझ्या आईला पण ऐकवलं. ती देवापुढं दिवा लावून बसलीय. ये की शनिवारी. मंडळींना भेटवायचंय तुला."

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो की अण्णा, ते कापलेलं आहे. पण 'कापलेलं'ची सुरुवातच 'क'नं. मी तिथं लटकलो आणि अण्णा म्हणाले, "बरं बरं, ये मग, गाडी लागलीय माझी," आणि फोन ठेवला.

शनिवारी कराडला उतरलो तर अण्णा केबिनमध्ये, भोवती चार-पाच कंडक्टर-ड्रायव्हर. टेबलावर अण्णांचा मोबाइल आणि त्यातून मी बोलतोय. अण्णा मधे मधे थांबवून अर्थ सांगत होते. "म्हणजे बघा, दोन गावांतल्या दोन खिडक्यांवर एकाच वेळी एकच सीट मागितली. दोन्हीकडं रिकामी दिसणार. मग दोघंही तिकीट फाडणार. हे होऊ नये म्हणून आधी सीटला कुलूप घालायचं आणि मग विकायची. हे आमच्या संग्रामनं शोधलं."

शोधलं नव्हतं हो, जुनंच आहे ते, पुस्तकात आहे. आमच्याकडं कुठं घालायचं राहिलं होतं तेवढं मी शोधलं. पण अण्णांचं तोंड असं फुललं होतं की कोण दुरुस्त करणार?

"या या, साहेब," एक म्हातारे कंडक्टर म्हणाले. पाटणकर मामा, मला लहानपणापासून ओळखणारे. "काय बोललायस गड्या! बापाचा गळा घेतलायस अगदी. बोल की दोन शब्द, आमालाबी ऐकू दे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अण्णा तर खुर्चीच्या काठावर येऊन बसले, पोरगं पहिल्यांदा सायकल चालवताना बाप बघतो तसे.

"क..." मी म्हणालो. "क... क... क..."

मान आखडली, डोळे मिटले. मला 'काही नाही मामा, सोपं आहे' एवढंच म्हणायचं होतं. डोळे उघडले तेव्हा पाटणकर मामा बुटांकडं बघत होते. एक ड्रायव्हर उगाच चाव्या खुळखुळवत होता. अण्णांचं तोंड मी बघितलं नाही. बघवलं नाही.

"चला, चिपळूण लागली चार नंबरला," अण्णा एकदम उठून म्हणाले. "निघा, निघा. उशीर करू नका." आणि त्यांनी माइक ओढला.

ड्युटी संपल्यावर आम्ही घरी चालत निघालो. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो, क आणि प टाळून. 'मित्रानं मशिनवर सुधारलं' असं. 'म' मला त्यातल्या त्यात जमतो. तोवर तेच बोलले.

"तिथं किती सरळ बोललास."

"अण्णा, म... मित्रानं..."

"थांब, मला बोलू दे." ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. "मी रात्रंदिवस विचार करतोय. तिकडं परक्या लोकांत तू सरळ बोलतोस. आज माझ्यासमोर आलास आणि अडलास. घरी पण तेच. फोनवर पण तेच. म्हणजे काय झालं? दोष जिभेचा नाही संग्राम. दोष माझा आहे."

मी नाही नाही म्हणून मान हलवली.

"तू दुसरीत होतास. कोल्हापूर रोडचे थांबे पाठ करून घ्यायचो तुझ्याकडून. मलकापूर, पाचवड फाटा, कासेगाव, नेर्ले. कासेगावला तू अडायचास. एकदा थोबाडीत दिली होती मी. जोरात. आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. अगदी खरं सांगतो, आठवत नव्हतं. आणि मी त्याच्या कितीतरी आधीपासून अडत होतो. बालवाडीत बाईंनी आईला बोलावून सांगितलं होतं, आजीनं जिभेला वेखंड लावून लावून तोंडाची चव घालवली होती. हे सगळं मला अण्णांना सांगायचं होतं. मी 'न... न...' करत राहिलो. मला 'न' कधी अडत नाही, त्या दिवशी तोही अडला.

"बघ," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "बघितलंस? आता पण." आणि चालायला लागले. जरा पुढं जाऊन म्हणाले, "आईला यातलं काही बोलू नको. तिला वाटतंय तू बरा झालास. तिचा आनंद राहू दे."

पुण्याला आल्या आल्या मी हृषीच्या दारात.

"मूळ रेकॉर्डिंग दे. न कापलेलं."

हे वाक्य म्हणायला मला किती वेळ लागला ते सोडा. हृषी डोकं खाजवायला लागला. "अरे, ते कुठलं असणार? भाग गेला की मी मूळ फाइल उडवतो. डिस्क भरते रे."

"रोज लोकांना शिकवतोस ना, ब... बॅकअप ठेवा म्हणून?"

"कोडचा ठेवा म्हणतो. आवाजाचा कोण ठेवतो?" मग माझं तोंड बघून तो घाबरला. "काय झालं? मी चांगल्यासाठीच केलं रे. तीन रात्री बसून केलं."

त्याला काय बोलणार? चांगल्यासाठीच केलं होतं त्यानं. माझ्या आयुष्यात इतक्या मेहनतीनं माझ्यासाठी कुणीच काही केलं नव्हतं. त्यानं लगेच अण्णांना फोन लावला, स्पीकरवर. "काका, मी हृषी. ते मी एडिट केलंय. संग्राम त्यातही अडत होता, मी सगळं काढलं."

"बरं का," अण्णा म्हणाले. आवाजात माया होती. "चांगले मित्र आहात तुम्ही. त्यानं सांगितलं असणार तुम्हाला, असं सांगा म्हणून."

"नाही हो काका, देवाशप्पथ!"

"बाळा, मी अख्खी नोकरी माइकसमोर केली. माइकमध्ये गेलेला आवाज माघारी काढता येत नाही. चुकीची गाडी सांगितली की सांगितली." आणि त्यांनी हृषीला पुन्हा एकदा आशीर्वाद देऊन फोन ठेवला.

मी लांबलचक मेसेज लिहिला. लिहिताना मी अडत नाही, हे तुम्ही बघताच आहात. लिहिलं की यात तुमचा काही दोष नाही, मी सगळीकडं अडतो, ऑफिसात, दुकानात, रिक्षात. उत्तर आलं, 'तुझे मन मोठे आहे.' मग मी एकटा बसून मोबाइलवर बोललो, जसं येतं तसं, आणि ते पाठवलं. त्यावर त्यांचा फोन. "मला बरं वाटावं म्हणून मुद्दाम अडखळायची गरज नाही, संग्राम. असली सोंगं करू नकोस, सवय लागेल." फोन भिंतीवर फेकायचाच काय तो बाकी राहिला. त्यांना कराडहून उचलून आमच्या सकाळच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात उभं करावंसं वाटलं. पण त्याचा तरी काय उपयोग? ते तिथं असते तर मी अडलो त्याला कारण तेच. ते नसताना मी कसा बोलतो हे त्यांना कळायला पाहिजे होतं आणि ते नसताना त्यांना कळणार कसं? दवाखान्याच्या अ‍ॅपमधला बग मी शोधला होता. याला कुठून हात घालायचा तेच कळेना.

पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा अण्णांनीच मार्ग काढला. दुपारचा चहा झाला होता. आई भाजी निवडत बसली होती.

"मी जरा खाली जाऊन येतो," अण्णा म्हणाले. मला बाजूला घेतलं. "तू आईशी बोल. निवांत. मी कोपऱ्यावर जाऊन बसतो, आवाज पण येणार नाही मला. आल्यावर तिला विचारतो. ती खोटं बोलत नाही."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. आमची आई म्हणजे तोंडावर बोलणारी बाई. शेजारणीनं नवी साडी दाखवली तर 'रंग विटका आहे गं' म्हणणारी. अण्णांच्या घोषणेत एखादा शब्द गिळला गेला तर घरी आल्यावर तेच पहिलं सांगायची. माझा जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, सुटलो.

अण्णा चपला घालून गेले. मी आईसमोर बसलो आणि बोललो. काय बोललो? काहीही. ऑफिसचं, मॅनेजरचं, हृषीच्या कपाटाचं. एकही शब्द टाळला नाही मी. क आला की क, प आला की प, सरळ जाऊन धडकायचं. मुद्दाम नाही हं, मुद्दाम करावं लागलंच नाही. 'क... क... कपाटात' म्हणताना लाळ उडाली, मान वाकडी झाली. आईचे हात थांबले होते. मेथीची जुडी मांडीवर तशीच. ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि तिचे डोळे भरत चालले होते. तिचा दिवा विझवतोय आपण, हे मला कळत होतं. पण म्हटलं, आईला नंतर समजावू, तिला जवळ घेऊ. आधी अण्णांच्या मानेवरचं ओझं उतरू दे.

"रडू नको गं," मी म्हणालो.

"नाही रे," म्हणून तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा भाजी निवडायला घेतली.

बऱ्याच वेळानं जिन्यात पावलं वाजली. अण्णा दारात उभे राहिले. आत आले नाहीत. एवढा भरदार माणूस, चौकटीला धरून उभा होता.

"काय गं?" त्यांनी विचारलं. "कसा बोलला?"

आईनं वर बघितलं. आधी त्यांच्याकडं, मग माझ्याकडं, मग पुन्हा त्यांच्याकडं. त्यांच्या तोंडावर तिला काय दिसलं ते मला आजही दिसतं. रस्त्यावर आमच्या दोघांत काय बोलणं झालं ते तिला कुठं माहीत होतं? तिला एवढंच माहीत की हा माणूस पोराचा आवाज कानाशी धरून झोपतो. आयुष्यात कधी नवऱ्याशी खोटं न बोललेली बाई हसली.

"अहो, अगदी सरळ बोलला," आई म्हणाली. "एकदासुद्धा अडला नाही. ऐकायला पाहिजे होतं तुम्ही."

मी ताडकन उठलो. 'खोटं' एवढंच म्हणायचं होतं. एकच शब्द. "ख..." मी म्हणालो. "ख... ख..."

आई मान खाली घालून भराभर मेथी खुडत होती. मी हात हलवले, तिच्याकडं बोट दाखवलं, डोकं गदागदा हलवलं. शब्द घशात तसाच.

अण्णा पुढं आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या हलक्या हातानं त्यांनी मला कधी शिवलं नव्हतं.

"राहू दे, बाळा," ते म्हणाले. "मी आहे ना समोर. नाही यायचं."

त्यांनी चपला काढल्याच नव्हत्या. ते तसेच वळले. जिन्यातून त्यांचा आवाज आला, "तुम्ही दोघं बोला निवांत."

त्यानंतर मी घरी गेलो की असंच व्हायचं. अण्णा चहा प्यायचे, पुण्याची हवा विचारायचे आणि मी तोंड उघडायच्या आत पिशवी घेऊन उठायचे. कधी दळण आणायला, कधी उगाच. शेवटच्या आजारपणात उठता येईनासं झालं, तेव्हा मी खोलीत आलो की ते भिंतीकडं तोंड करून झोपल्यासारखं करायचे, मला बोलता यावं म्हणून.